नोहाचा पूर आणि आमचे साडभाऊ

माझ्या मोठ्या साडूंइतके सिनेमे पाहिलेला माणूस नागपुरात एखादा निघेलही, पण आजूबाजूच्या लोकांना इतके कमी सिनेमे पाहू दिलेला माणूस दुसरा निघायचा नाही. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. हे साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले, सक्करदऱ्याला तळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारे आणि दर रविवारी न चुकता दुपारच्या खेळाला जाणारे. सिनेमा कोणता आहे, हिंदी की मराठी, हाणामारीचा की रडारडीचा, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. त्यांना त्यात पाणी किती आहे एवढंच पाहायचं असतं. पाणी असलं की ते खूश, आणि ते खूश झाले की मागच्या-पुढच्या चार रांगांचं कल्याण.

कारण साडभाऊ मनातल्या मनात खूश होत नाहीत. पडद्यावर पाऊस सुरू झाला रे झाला की ते निकाल देतात, "टँकरचा आहे. एकाच बाजूनं पडून राहिला, पाहा." एकदा एका सिनेमात नायकाची म्हातारी आई नदीकाठी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचे श्वास घेत होती. सगळं थिएटर नाकं पुसत होतं. साडभाऊंनी मला कोपर मारून विचारलं, "मास्तर, मघाशी नदी डावीकडून उजवीकडे वाहत होती ना? आता काहून उलटी चालली?" (मी कॉलेजात शिकवत असे, म्हणून मी त्यांचा मास्तर.) ते त्यांनी हळू विचारलं होतं. पण तीस वर्षं धरणाच्या सांडव्याच्या आवाजावर मात करून मजुरांना हाका मारलेल्या माणसाचं हळू बोलणं बाल्कनीपर्यंत जातं. एका दु:खी प्रसंगात नायिका नळ उघडा टाकून आरशात पाहत उभी राहिली, तर हे खुर्चीतून अर्धे उठले आणि कळवळून म्हणाले, "अवं, नळ बंद कर ना वं बाई." त्या दिवशी नायिकेच्या नवऱ्याने तिला सोडलं होतं हे त्यांना मी घरी येताना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण नळाचं जास्त वाटलं.

यामुळे लोक चिडतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्यावर त्यांच्यापाशी उपाय आहे. त्यांचं मूळ गाव नरखेड तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग अजून धाकटा भाऊ पाहतो. हंगामात साडभाऊ सोललेल्या संत्र्यांच्या फोडी डब्यात घालून, डबा स्वेटरच्या आत दडवून थिएटरात नेतात. दारावरचा तपासणीवाला डबा शोधतो, पण वासाने त्याचा विश्वास बसतो की संत्री आहेत आणि हाताला सापडत नाहीत म्हणून तो स्वतःवरच संशय घेऊ लागतो. मग मध्ये कुणी मागून "काका, जरा हळू" म्हणालं, की साडभाऊ मागे वळून दोन फोडी त्याच्या हातावर ठेवतात. भांडायला आलेल्या माणसाच्या तोंडात संत्रं असलं की त्याला भांडता येत नाही, हा त्यांचा अनुभव.

त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईने, यावर स्वतःचा वेगळा उपाय शोधलेला आहे. ती त्यांच्याबरोबर सिनेमाला जाते, पण तिकीट दोन रांगा सोडून काढते. एकदा तिच्या शेजारची बाई त्रासून म्हणाली की त्या म्हाताऱ्याला कुणीतरी आवरा. ताईने मागे वळून यजमानांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "कोण आहेत हो ते? बरे दिसत नाहीत."

तर अशा या माणसाच्या आयुष्यात गेल्या नाताळात नोहाचा सिनेमा आला.

परदेशात अफाट पैसा ओतून काढलेला, हिंदीत डब केलेला. बायबलातली गोष्ट: माणसं बिघडली, देवाने पूर आणायचं ठरवलं, एका भल्या माणसाला मोठं तारू बांधायला सांगितलं, त्यात त्याचं कुटुंब आणि प्रत्येक प्राण्याची जोडी घेतली, आणि बाकी सगळं बुडालं. चौकातल्या फलकावर डोंगराएवढी लाट काढली होती आणि खाली लिहिलं होतं की असा पूर तुम्ही कधी पाहिला नसेल. साडभाऊ त्या फलकासमोर स्कूटर थांबवून बराच वेळ उभे राहिले. ते वाक्य त्यांनी स्वतःला उद्देशून आहे असं समजून घेतलं.

त्याच दिवशी संध्याकाळी ते शेजारच्या सिस्टरांकडे गेले. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका, तीन पिढ्यांचं मराठी ख्रिस्ती घर. साडभाऊंच्या अंगणातला कढीपत्ता आणि सिस्टरांच्या अंगणातलं लिंबू गेली वीस वर्षं कुंपणावरून ये-जा करत आलेलं. साडभाऊंनी त्यांचं मराठी बायबल मागून आणलं आणि परीक्षेला बसल्यासारखे नोहावर बसले. तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, तीन मजले, एक खिडकी, एक दार. त्यांनी आधी स्वतःचा हात कोपरापासून मोजला, मग ताईचा, मग माझा, आणि सरासरी काढून वहीत आराखडा काढला. तारवाला आतून-बाहेरून डांबर फासलं होतं हे वाचून त्यांनी माझ्या घरी फोन केला. "मास्तर, आतून पण फासलं बरं का. आमचे ठेकेदार तर बाहेरूनही नाही फासत." पाणी आभाळातून आलं तसंच जमिनीच्या पोटातूनही आलं, हे वाचल्यावर तर त्यांचा बायबलवर पूर्ण विश्वास बसला. पाऊस आणि भूजल दोन्ही धरलंय, म्हणजे लिहिणारा जाणकार होता.

शंका मात्र रोज नवी निघे आणि ती कुंपणावरून सिस्टरांकडे जाई. वाघ काय खात होता? इतक्या जनावरांचं शेण कुठे टाकलं? एकाच खिडकीत हवा कशी खेळली? सिस्टर लिंबं तोडता तोडता ऐकत आणि शांतपणे म्हणत, "तेवढं देवानं पाहिलं असेल, साहेब." आठ दिवसांत त्यांनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की शेवटी साडभाऊ प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊ लागले. एकच शंका त्यांनी विचारली नाही. बायबल परत करताना त्यात एका ठिकाणी त्यांनी घातलेली कागदाची चिठ्ठी राहिली होती. सिस्टरांनी ते पान पाहिलं. तारवात सगळे शिरल्यावर दार बंद झाल्याचं ते पान होतं. त्यांनी चिठ्ठी तशीच राहू दिली.

रविवारी बाराच्या खेळाला आम्ही पाच जण गेलो. साडभाऊ, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सिस्टर. ताई आणि माझी बायको दोन रांगा पुढे, अनोळखी. थिएटर भरलेलं होतं. सिस्टरांच्या चर्चमधली मंडळी ठेवणीतले कपडे घालून, हात मांडीवर ठेवून प्रार्थनेला बसावं तशी बसली होती. मागे कॉलेजची पोरं होती, त्यांना फक्त लाट हवी होती. आमच्या पुढे खेड्यातून आलेलं एक वयस्कर जोडपं होतं. त्यातले आजोबा दर पाच मिनिटांनी बायकोला सांगत होते की सिंह आता येईल. सिंह आला तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. आजीने त्यांना उठवलं नाही. नंतर विचारल्यावर "आला नाही अजून" असं म्हणाली.

पहिला तासभर साडभाऊ रंगात होते. तारवाचं लाकूड जोडताना सांधा कसा चुकला, हत्ती चढताना फळी वाकायला हवी होती ती का वाकली नाही, हे सगळं आसपासच्या लोकांना विनामूल्य कळत होतं. पण त्या दिवशी चमत्कार झाला. लोक चिडण्याऐवजी ऐकू लागले. जनावरांच्या जोड्या आत जाताना मागचा एक पोरगा स्वतःहून म्हणाला, "काका, एवढे सगळे मावतील का?" साडभाऊंनी वळून त्याला तिन्ही मजल्यांचं क्षेत्रफळ सांगितलं. चर्चच्या एका बाईंनीसुद्धा मान वळवून ऐकलं. मी इतक्या वर्षांत त्यांना असा श्रोतृवर्ग लाभलेला पाहिला नव्हता. फोडींचा डबा बंदच राहिला.

मग पाऊस सुरू झाला. खरोखर मोठा पाऊस होता, आणि साडभाऊ त्याला टँकरचा म्हणाले नाहीत. लाट आली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणी मोबाइल उंच धरला, एका आईने लेकराचे डोळे झाकले आणि स्वतः बोटांच्या फटीतून पाहिलं. समोरच्या आजीने चपला काढून हात जोडले. पडद्यावर तारवाचं दार बंद झालेलं होतं आणि बाहेर उरलेली माणसं, बाया, म्हातारे त्यावर मुठी आपटत होते. आत नोहा दाराला पाठ टेकून उभा होता.

साडभाऊ उठून उभे राहिले. त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही, खरंच हळू आवाजात ते पडद्याला म्हणाले, "उघड ना गा. एकाले तरी घे."

मागून एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. साडभाऊ माझ्या गुडघ्यांना अडखळत बाहेर निघून गेले. मी त्यांच्यामागे गेलो.

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होतं. काचेतून हिवाळ्याचं ऊन त्यावर पडलं होतं. ते त्या उन्हात बसले, स्वेटरमधून डबा काढला, माझ्यापुढे धरला आणि स्वतः काही न खाता सांगू लागले. इतकी वर्षं ओळखूनही ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ते नरखेडकडच्या एका लहान धरणावर होते. एका भादव्यात तीन दिवस पाऊस थांबेना, धरण काठोकाठ आलं. दरवाजे उघडले नाहीत तर बांधच जाणार आणि खालची सगळी गावं त्याच्याबरोबर. त्यातलं नदीच्या अगदी कडेचं गाव आधी रिकामं करायचं काम यांच्याकडे आलं. फटफटी घेऊन घरोघरी हिंडून यांनी लोक उंचावर धाडले. एक म्हातारी तेवढी हलेना. तीन बकऱ्या घेऊन ती ओट्यावर बसून राहिली. पाणी या ओट्याला आजवर लागलं नाही, लागणारही नाही, असं तिचं म्हणणं. हे तीन वेळा तिच्याकडे गेले. हात जोडले, रागावले, बकऱ्या मी नेतो म्हणाले. तिने काठी उगारली. तिसऱ्या वेळी धरणावर परत आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि वायरलेसवर वरच्या साहेबांचा एकच प्रश्न होता, गाव खाली झालं का.

"मी हो म्हणलो, मास्तर," साडभाऊ म्हणाले. "अन् दरवाजे उचलले."

दुसऱ्या दिवशी नाववाल्यांना ती शाळेच्या गच्चीवर सापडली. जिवंत. एक बकरी मांडीवर, दोन गेलेल्या. यांनी तिला छावणीत लांबून पाहिलं, पण जवळ गेले नाहीत. कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. दोन महिन्यांत बदली झाली. त्यानंतर बागेसाठी शंभरदा नरखेडला गेले, पण त्या गावाचा फाटा आला की गाडीच्या दुसऱ्या बाजूला पाहायचे.

तेवढ्यात लक्षात आलं की सिस्टर दारापाशी उभ्या आहेत. त्या कधी आल्या होत्या आणि त्यांनी किती ऐकलं होतं, कोण जाणे. त्या येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, डब्यातली एक फोड घेतली आणि म्हणाल्या, "साहेब, तुमची चिठ्ठी राहिली होती त्या पानावर. तिथं लिहिलंय, दार देवानं लावलं. नोहानं नाही. मी लहानपणी आमच्या पाद्रीबाबांना विचारलं होतं, देवाला कशाला दार लावायला लागतं? त्यांना सांगता आलं नाही. पुढं वॉर्डात नोकरी केली तेव्हा मला वाटू लागलं की ते नोहासाठीच लिहिलं असणार. त्याला स्वतःच्या हातानं लावावं लागलं असतं, तर पूर ओसरल्यावर तो जगला कसा असता?"

साडभाऊंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "आमच्या खात्यात तशी सोय नव्हती, सिस्टर."

आणि आम्ही तिघंही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हसलो. सिस्टरांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला आत. पूर उतरला असेल." आत गेलो तेव्हा आकाशात इंद्रधनुष्य आलं होतं. ते सूर्याच्याच बाजूला काढलं आहे, असं कधी होत नाही, हे साडभाऊंनी मागच्या पोराला सांगितलं. पोराने आनंदाने ते चार मित्रांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला की गाडी काढा, नरखेडला जायचं आहे. ताई बरोबर होती. वाटेत त्यांनी तिला सगळं सांगितलं, समोर रस्त्याकडे पाहत, जसं काही रस्त्यालाच सांगावं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला, मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाही वं," साडभाऊ म्हणाले.

"हे कसं विचारतात? भाजीत मीठ बरोबर आहे का, अन् दरवाजे उघडताना गावात कोणी होतं का?"

ताईने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि फाटा येईपर्यंत काढला नाही.

गाव आता वरच्या अंगाला वसलेलं आहे. सिमेंटची घरं, दारात मोटरसायकली, मागे संत्र्याच्या बागा. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची सून, तीही आता म्हातारीच, अंगणात तूर वाळत घालत होती. साडभाऊंनी आपण कोण हे सांगितलं आणि उन्हातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. ती बाई त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली, आणि मग तिला हसू फुटलं.

"तुमीच का गा ते फटफटीवाले साहेब? आमच्या सासूबाई मरेपर्यंत तुमची गोष्ट सांगत जात. म्हणत, पहिल्या डाव साहेब आला, मी म्हणलं उगाच भेव दाखवून राहिला. दुसऱ्या डाव आला, तिसऱ्या डाव आला, तवाबी मले वाटलं, याले गाव खाली करून काही तरी पायजे. मंग चवथ्या डाव काही तो आला नाही. मी वाट पाहिली, आला नाही. तवा मले समजलं का पाणी खरंच येऊन राहिलं, नाही तं साहेब आला असता. अन् उचलली बकरी, अन् गेली शाळेवर."

साडभाऊ खाली बसले. बाजेवर नाही, ओट्यावर नाही, तिथेच तुरीच्या कडेला, जमिनीवर. बाईने घाबरून पाणी आणलं. ते सगळं पिऊन त्यांनी विचारलं, "वाट पाहिली म्हणे?"

"पाहिली ना. रस्त्याकडे तोंड करून बसली होती म्हणत जाय."

चहा झाला. उठताना बाईने तुरीच्या शेंगांची पिशवी ताईच्या हातात दिली, आणि साडभाऊंना म्हणाली की साहेब, आता रस्ता माहीत झाला, येत जा. ते "हो" म्हणाले. आम्ही परत निघालो. काटोल यायच्या आधीच त्यांची मान एका बाजूला कलली आणि तोंड किंचित उघडं राहिलं. ताईने मागून आपली शाल पुढे दिली, मी ती एका हाताने त्यांच्यावर टाकली. त्यांना इतकं गाढ झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे खड्डा आला की मी गाडी जवळजवळ थांबवून घेत होतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून जात होत्या, आणि दुपारचं कलतं ऊन काचेतून त्यांच्या मांडीवर तसंच पडून होतं.